पास झालेल्या बाया

“आमी पास झालो म्हन्ते ना, म्याडम?”

साकोलीच्या बाजारात, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपलीमागून हा प्रश्न आला तेव्हा कामिनीला वाटलं, कुणाच्या तरी पोरीच्या निकालाबद्दल असेल. ती तिथल्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि बाजारात अर्धी माणसं तिला निकालच विचारायची. तिने वाकून पाहिलं. टोपलीमागे शकुनबाई बसल्या होत्या. एकोडीच्या पलीकडच्या गावातल्या. पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले, कारण पिकअपच्या अपघातात वाचल्यापासून त्या कुठल्याच गाडीत बसत नव्हत्या. शिंगाडे डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत येत. “कसलं पास, शकुनबाई?” तिने विचारलं. “तेच ना, तुमी परीक्षा घेतली होती समाजमंदिरात. बाया बलावल्या होत्या. एक ते पाच सांगा म्हने.” शकुनबाईंनी द्रोणात शिंगाडे भरले. “टरस्टचा सायब आला होता गावात. म्हने, तुमच्या गावच्या बाया लय मजबूत निघाल्या. आता तुमाले शुभांगी म्याडमची गरज नाई. तवापासून त्या येतच नाई.” हे सांगताना त्या हसत होत्या. थोड्या लाजत, थोड्या अभिमानाने, पहिल्यांदाच कुठल्या परीक्षेला बसलेल्या माणसासारख्या. मग त्यांनी आणखी एक मूठ शिंगाडे कामिनीच्या पिशवीत टाकले. “घ्या. तुमी पास केल्लं आमाले.”

पिशवीतले शिंगाडे मांडीला लागत होते आणि कामिनी चालत होती. स्कूटर कुठे लावली हे तिला आठवेना. राग आधी तिच्या कानांत आला, तिथून जबड्यात उतरला, आणि तिला वाटलं, आता कुणी ओळखीचं भेटू नये. तरी एक सहकारी भेटलाच. “काय मॅडम, थिसिस कुठवर?” म्हणाला. “झालाच,” ती म्हणाली, आणि त्या शब्दाचाही तिला राग आला. काय झालं होतं? दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या गावच्या बाया धानाच्या रोवण्याला दुसऱ्या गावी निघाल्या होत्या. एका पिकअपमध्ये, एकमेकींच्या मांडीवर बसून, हातात भाकरीची फडकी. कालव्याच्या वळणावर गाडी उलटली. शकुनबाई वाचल्या, त्यांची सून कुंदा गाडीखाली राहिली. सत्यभामाबाईंची पोरगी गेली, तिचं लग्न ठरलेलं होतं. आणखीही गेल्या. मग नेहमीसारखं सगळं आलं, पुढारी आले, फोटो आले, आणि ते सगळे परत गेल्यावर नागपूरचं एक प्रतिष्ठान, बायांचं ‘टरस्ट’, आलं. त्यांनी समाजमंदिरात समुपदेशन केंद्र सुरू केलं. शुभांगी नावाची शांत, जाड चष्म्याची मुलगी दर मंगळवारी बसने येऊन तिथे सतरंजी टाकून बसायची. पहिले काही मंगळवार कुणी आलं नाही. मग एक आली, ती म्हणाली मले झोप नाई, मग दुसरी आली, आणि हळूहळू मंगळवार हा त्या गावात बायांचा वार झाला. त्या तिथे काय बोलायच्या हे शुभांगीने कामिनीला कधी सांगितलं नाही, आणि कामिनीने विचारलंही नाही. तिला फक्त चाचणी करायची होती.

चाचणी बाहेरच्या देशातली होती. मनाची लवचीकता मोजायची. संकटात माणूस मोडतो की वाकून परत सरळ होतो, हे काही विधानांवरून ठरवायचं. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण. ती मराठीत आणायची, आणि नुसत्या मराठीत नाही, इकडच्या बायांना कळेल अशा बोलीत, मग ती खरंच तेच मोजते का हे तपासायचं. हाच तिचा पीएचडीचा विषय; खर्च प्रतिष्ठानने दिला होता आणि त्यासाठी तिने त्यांच्या करारावर सही केली होती. तिचे मार्गदर्शक आनंदराव सर नागपूरला असत. त्यांनी नमुना म्हणून तिला एक निबंध दिला होता, पोलंडमधल्या संशोधकांनी अशीच एक चाचणी पोलिश भाषेत कशी आणली त्याचा. “त्यांना जमलं, मग आपल्याला काय धाड भरली?” सर म्हणाले होते. तो निबंध वाचताना कामिनीच्या डोळ्यांसमोर तिकडची एक भाषांतर करणारी बाई यायची. बाहेर बर्फ, खिडकी बंद, आणि ती बाई एका शब्दावर अडलेली. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ उसळून परत पूर्वीच्या जागी येणं, चेंडूसारखं. कामिनी त्यावर कितीतरी संध्याकाळी बसून होती. ‘पूर्ववत होणे’ असं भाषांतर तपासणाऱ्या समितीने सुचवलं. पूर्ववत? कुंदा गेल्यावर शकुनबाई पूर्ववत कशाला होतील, आणि झाल्या तर त्यांना माणूस म्हणायचं का? शेवटी तिने, इकडच्या बाया बोलतात तसंच, लिहिलं, ‘तरास झाला तरी मी पुना उभी होतो’. समितीतले दोघं हसले, मग त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या एकाने तिची बोली परत इंग्रजीत नेली, ती मूळ वाक्याशी जुळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिलाही तेव्हा आनंद झाला होता. घरी येताना तिने पेढे आणले होते. ते पेढे आठवून आत्ता भर बाजारात तिच्या तोंडात कडू पाणी आलं.

कारण समाजमंदिरात तिने स्वतः ऐकलं होतं. एकेक बाई समोर येऊन बसायची, पदर डोक्यावर घ्यायची. ‘तरास झाला तरी मी पुना उभी होतो.’ हो. ‘कितीबी कठीण काम असलं तरी मी मागं हटत नाई.’ हो बाप्पा. ‘मले माह्यावर भरोसा हाये.’ हो ना. पाच, पाच, पाच. सासूसमोर, सायबासमोर, दवाखान्यातल्या बाईसमोर ‘माह्याच्यानं होत नाई’ म्हणायला त्यांना कुणी कधी शिकवलं होतं? आणि काही बायांनी तर उत्तर देताना तिच्याच तोंडाकडे पाहिलं होतं, बरोबर चाललंय ना या नजरेने. तिने सरांना हे सांगितलं होतं. सर म्हणाले, “उत्तर देणारे स्वतःला चांगलं दाखवतात हे जगभर आहे. मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद टाक.” तिने तो परिच्छेद टाकला होता. नीट, संदर्भासहित. तो कुणीही वाचला नव्हता.

स्कूटर सापडली. तिने तिथेच उभं राहून सरांना फोन लावला. “सर, केंद्र बंद केलं त्यांनी. आपल्या आकड्यांवरून.” पलीकडे चमच्याचा आवाज झाला, सर जेवत असावेत. “कामिनी, चाचणीची विश्वसनीयता किती चांगली आलीय, पाहिलंस ना? माझ्या हाताखाली इतकं स्वच्छ काम कुणी केलेलं नाही.” “सर, मी केंद्राबद्दल बोलतेय.” “ते त्यांचं धोरण. आपण मोजतो फक्त.” “आपण काय मोजलं, सर? त्या बायांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे मोजलं आपण.” सरांनी चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी मायेने म्हणाले, “तू दमलीस. थोडी विश्रांती घे.” तिने फोन कापला. दमलीस! रागावलेल्या बाईला तिच्या आयुष्यात सगळ्यांनी हेच सांगितलं होतं.

घरी आई टीव्हीसमोर बसून लाखोरीची डाळ निवडत होती. ललिताबाईंचे हात अजून विणकरणीचे होते. बोटं थांबायची नाहीत, डोळे टीव्हीवर असले तरी खडा बरोबर बाजूला पडायचा. कामिनीने शिंगाडे ताटात ओतले आणि सगळं सांगून टाकलं. आई ऐकत होती की नाही कळलं नाही. शेवटी म्हणाली, “मंग तू कायले आंग जाळून राहिली? मजबूतच हायेत त्या. गावच्या बाया मजबूतच रायते.” कामिनीच्या कपाळाची शीर ताठ झाली. मजबूत. खंबीर. हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तो मोहाडीच्या जुन्या घरात, सूरज गेला तेव्हा. तिचा मोठा भाऊ. सिकलसेलचा आजार होता त्याला. थंडी पडली की सांधे धरून ओरडायचा, आणि एका हिवाळ्यात ओरडायचा थांबला. ती तेव्हा शाळेत होती. बाबा, मधुकरराव, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले ते उठेचनात. विणत नव्हते, नुसते बसले होते, आणि सगळं गाव बाबांना धरायला धावलं. आई चुलीपाशी होती. तिने पाहुण्यांना चहा केला. सूरजची चादर धुतली. येणाऱ्या बाया दारातच एकमेकींना म्हणायच्या, “ललिताबाई मोठ्या खंबीर गा.” आणि तेरावं झाल्यावर त्या आल्या नाहीत. बाबांकडे माणसं येत राहिली, वर्षभर येत राहिली, पान खाऊन त्यांच्याशी बोलत राहिली. आईकडे कुणी आलं नाही. खंबीर माणसाकडे कशाला जायचं? तेव्हा कळलं नव्हतं, पण आत्ता, डाळीतला खडा ताटलीवर टिणकन वाजला तसं कामिनीला कळलं, की हा शब्द माणसं निघून जाताना वापरतात. दार ओढून घेताना.

“आई, सूरज गेला तवा तू रडली काहून नाई?”

आईचे हात थांबले. “कायले काढतेस ते?”

“सांग ना.”

“रडून का वापस येनार होता तो? घरात पाहुने. तुहा बाप तसा. तू येवढीशी. चहा कोन करते?” तिने टीव्हीचा आवाज वाढवला. मग तितक्याच मोठ्याने, टीव्हीशी बोलल्यासारखं, म्हणाली, “डाक्टरेट मिळू दे आधी. मंग भांड कोनासंग भांडाचं त.”

दुसऱ्या दिवशी कामिनीने रजा टाकली आणि भंडाऱ्याला गेली. प्रतिष्ठानचं जिल्ह्याचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. संचालक चंद्रकुमार तिच्याच वयाचे, खादीचा कुडता, बोलायला अतिशय गोड. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली. टेबलावर छापून आलेली पाटी होती, ‘खंबीर गाव’, आणि खाली त्या गावाचं नाव. ती गावाच्या वेशीवर लागणार होती. कामिनी त्या पाटीकडे बघत राहिली. रंग हिरवा होता, अक्षरं सुबक होती, आणि तिला ती पाटी गुडघ्यावर आपटून तोडावीशी वाटली. “मॅडम, तुमचं काम अप्रतिम,” चंद्रकुमार म्हणाले. “पुढच्या महिन्यापासून आम्ही तीच चाचणी बपेऱ्याला वापरतोय. तिकडे पूरग्रस्त कुटुंबांसाठी केंद्र चालतं आमचं.”

“म्हणजे ते बंद करायला?”

त्यांना ते लागलं, पण त्यांनी दाखवलं नाही. “बघा, आमच्याकडे समुपदेशक मोजके. जिथे गरज जास्त तिथे माणूस पाठवायचा, यात चूक काय? आणि गरज कुठे जास्त हे तुमच्याच चाचणीने सांगितलं.”

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून राग आणखी भडकला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. “शकुनबाई नावाची बाई आहे,” ती म्हणाली. “ती कुठल्याच गाडीत बसत नाही. चालत बाजार करते. माझ्या चाचणीत हे कुठे येत नाही, कारण मी विचारलंच नाही. ती म्हणाली, मी सगळी कामं करते. करतेच ती. तिला पाच गुण मिळाले.”

“चालणं तब्येतीला चांगलंच की,” चंद्रकुमार हसले. त्यांना तो विनोद वाटला होता. मग तिचा चेहरा पाहून ते सावरले. “सॉरी. पण मॅडम, एका बाईवरून…”

“चाचणी वापरू नका. मी परवानगी देत नाही.”

“परवानगी तुमची लागत नाही,” ते सौम्यपणे म्हणाले. “करारात हक्क आमच्याकडे आहेत. तुमचं नाव मात्र राहील, काळजी करू नका.”

“नाव काढा.”

“मॅडम, तुम्ही भावनिक होताय.”

ती उठली. जिना उतरून रस्त्यावर आली. वाटलं होतं की इतकं बोलल्यावर आत काही मोकळं होईल, पण राग तसाच होता, उलट आता त्याला धरायला काही नव्हतं. तो सगळीकडे सांडत होता. बँकेच्या रांगेवर, रसवंतीच्या घुंगरांवर, सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्यावर. आनंदराव सरांचा फोन आला, चंद्रकुमारने लगेच कळवलं असणार. सरांचा आवाज आज मायेचा नव्हता. “हे असं चालणार असेल तर तू दुसरा मार्गदर्शक बघ.” “बरं,” ती म्हणाली. सरांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, त्यांनी परत सांगितलं. ती परत म्हणाली, “बरं, सर.” इतक्या वर्षांचं काम त्या दोन शब्दांत गेलं. पुढे चाचणीची पुस्तिका छापून आली, तिच्यावर तिचं नाव नव्हतं, वाक्यं सगळी तिची होती. बपेऱ्याला ती वाचलीही गेली.

त्याच आठवड्यात मंगळवारी कामिनी शकुनबाईंच्या गावात गेली. कशासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं तर माफीने केंद्र उघडणार नव्हतं. पण बाया अजून स्वतःला पास समजत होत्या, ते तिला सहन होत नव्हतं. दुपारची वेळ, धान केव्हाचं निघालेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या. समाजमंदिर उघडं होतं. आश्चर्य म्हणजे चार-पाच बाया तिथे बसलेल्या होत्या, सवयीने, शुभांगी नसतानाही, एकमेकींशी न बोलता. शकुनबाई होत्या. सत्यभामाबाई भिंतीकडे तोंड करून होत्या, नेहमीसारख्या. “या म्याडम, या,” शकुनबाईंनी सतरंजीवर जागा केली. “आनखी परीक्षा हाये का?”

कामिनी बसली. तिने मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. “परीक्षा नव्हतीच ती,” ती म्हणाली. “तुमी पास-बीस नाई झाल्या. मी चुकीचं इचारलं. तुमी हो-हो म्हनल्या, म्हनून त्यानं शुभांगीले बंद केल्लं.”

शकुनबाईंना ते कळायला वेळ लागला. चेहऱ्यावरचा तो बाजारातला अभिमान आधी तसाच राहिला, मग एकेक करून गळून पडला. “मंजे आमी नापास?”

“नापास बी नाई.”

“मंग काय?” त्यांचा आवाज चढला. “हो म्हना म्हनून कोन बसलं होतं समोर? तू बसली होती ना? पेन घेऊन? मी नाई म्हनली असती त तू काय लिवलं असतं, शकुनबाई कमजोर हाये? अन् गावाले सांगतली असती?” ‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं. कामिनीने ते ऐकलं आणि मान खाली घातली नाही. “घरी लेक हाये माह्या सुनेची. तिच्यासमोर मी कमजोर म्हनू का? पोरगं दारू पिऊन राहिलं, त्याच्यासमोर म्हनू? कोनासमोर म्हनू सांग! येक मंगळवार होता, तो बी नेला तुमी, अन् वरून म्हनता पास!”

“मले त इचारलंच नाई कोनी.” हा आवाज भिंतीकडून आला. सगळ्या वळल्या. सत्यभामाबाई वळल्या नव्हत्या. भिंतीलाच सांगत होत्या. “मजबूत हाये का इचारलं. झोप येते का इचारलं. कोनावर राग हाये, हे कोनी इचारलं नाई. मले त्या गाडीवाल्यावर हाये. जागा नव्हती तरी बस म्हने. मले माह्या मालकावर हाये, त्यानं पोरीले धाडलं, लग्नाआधी हातभार लावते म्हने. अन् पोरीवर हाये.” त्या थांबल्या. “पोरीवर बी हाये. मी म्हनली होती नको जाऊ. हासत गेली.”

मग एक जण म्हणाली, मले माह्या जेठावर. एक म्हणाली, मले सरपंचावर, फोटो काढाले आला. शकुनबाई म्हणाल्या, मले कुंदावर, सरक म्हनली त सरकली नाई, मले वाचवाले बसली आडवी. असं मराले कोन सांगतलं होतं तिले? आणि त्या रडल्या नाहीत, सतरंजीवर हात आपटत राहिल्या. आवाज एकात एक मिसळत गेले, शिव्याही आल्या, बाहेर जाणारा एक म्हातारा दारात थबकला आणि तिथूनच परत फिरला. कामिनीच्या हातात ना कागद होता ना पेन. ती फक्त ऐकत होती, आणि तिला तिचाच राग लहान वाटायला लागला होता, म्हणजे कमी नव्हे, पण चुकीच्या दारावर बडवत बसलेला.

“अन् तू?” शकुनबाईंनी एकदम विचारलं. श्वास फुललेला होता. “येवढं तोंड घेऊन आली. तुले कोनावर हाये?”

कामिनीने तोंड उघडलं. तिच्याकडे माणसं तयार होती. सर होते. चंद्रकुमार होते, त्यांचा तो कुडता, ती हिरवी पाटी. त्यांची नावं जिभेवरच होती. पण जे बाहेर आलं ते तिने आयुष्यात कधी, एकटी असतानाही, उच्चारलेलं नव्हतं.

“आईवर,” ती म्हणाली.

तिचे कान तापले. असं कसं बोललो आपण, चहा करत उभ्या राहिलेल्या त्या बाईबद्दल? पण शब्द आता समाजमंदिरात सगळ्यांमध्ये पडलेला होता आणि उचलता येत नव्हता. “माहा भाऊ गेला तवा ती रडली नाई,” कामिनी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच शाळेतल्या पोरीचा वाटला. “अन् मलेबी रडू देल्लं नाई.”

कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. सत्यभामाबाईंनी भिंतीकडचं तोंड पहिल्यांदा इकडे वळवलं. शकुनबाईंनी पदर सारखा केला, मांडी बदलली आणि नीट बसल्या, खूप वेळ लागणार आहे हे कळलेल्या माणसासारख्या.

“हं,” त्या म्हणाल्या. “सांग मंग.”